डिकीतलं ओझं आणि ॲव्हरेज

प्रश्न : इंदूरमध्ये पलासिया ते विजयनगर रोज गाडीनं ये-जा असते. डिकीत कायम 45-50 किलो सामान पडलेलं असतं. ते काढलं तर ॲव्हरेज वाढेल का? दिवाळीत पाच जण पुण्याला जाणार आहोत, तेव्हा हवा किती ठेवावी? (वाचक, इंदूर)

उत्तर : वाढेल, पण फार नाही. साधारण 45 किलोमागे 1 टक्का धरा. म्हणजे लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी 15.15 देईल. वजनाची खरी किंमत सिग्नलवर मोजावी लागते. हजार किलोची गाडी ताशी 50 पर्यंत न्यायला सुमारे 96 किलोज्यूल ऊर्जा लागते आणि पुढच्या लाल दिव्याला ब्रेक ती सगळी उष्णतेत घालवतो. त्यामुळे पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडणं हे डिकी रिकामी करण्यापेक्षा जास्त पेट्रोल वाचवतं. हायवेवर वेगळा शत्रू असतो, वारा. तिथे डिकीतल्या बॅगांपेक्षा टपावरचं कॅरियर महाग पडतं.

पुण्याला निघताना ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा ‘फुल लोड’चा आकडा पाहा, बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांना जास्त हवा सांगितलेली असते. हवा टायर थंड असतानाच भरा. वाटेत तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसेल, म्हणून ती सोडू नका. जड सामान मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, तळाशी ठेवा. मागचा भाग दबला की हेडलाइट वर उठतात. लेव्हलरची चकती असेल तर फिरवून झोत खाली घ्या. मानपूरचा घाट उतरताना दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा. भरल्या गाडीत नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून पकड सोडतात.