मेसचा डबा परत जातो तेव्हा

प्रिय,

रात्री दोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. रूममेट तीन आठवडे अभ्यासिकेत गेलेला नाही, मेसचा डबा तसाच परत जातो, आणि तू विचारतोस, "सर, त्याला मोटिव्हेट कसं करू?"

करू नकोस. सदाशिव पेठेत मोटिव्हेशनची टंचाई नाही, भिंती भरल्यात पोस्टरांनी.

तुझ्या वयाचा असताना मीही एका मित्राला "एवढं काय, परीक्षा परत येईल" असं ऐकवत राहिलो. तो हो-हो म्हणायचा. पुढे बोलेनासाच झाला. त्याचं ऐकून घेण्याची धमक माझ्यात नव्हती, एवढंच.

रूममेटला चहाला खाली ने. चालता चालता माणूस जास्त बोलतो. झोप लागते का, जेवण जातं का, इथून सुरुवात कर आणि गप्प राहा. ती शांतता फार जड जाते, तरी मध्ये सल्ला घुसवू नकोस.

एक प्रश्न मात्र सरळच विचार: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. 'हो' म्हणाला, तर एकटं सोडू नकोस. इजा होईल असं काही खोलीत असेल तर हलव. "कुणाला सांगू नको" या शपथेत अडकू नकोस. घरी कळव, पण त्याला सांगून. धोका समोर दिसत असेल तर 112 लाव, नाहीतर थेट कॅज्युअल्टी गाठ. पोलीस केसची भीती घालणारे भेटतील. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण होता असंच गृहीत धरलंय, शिक्षा नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. काय करावं हे विचारायला तूही फोन करू शकतोस. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपरच्या रांगेत तू उभा राहा, त्याला बाकावर बसू दे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. "काही फरक नाही" म्हणत तो मध्येच सोडायला बघेल. तेव्हा डॉक्टरांकडे पुन्हा ने.

आणि तुझी झोप? रात्री दोनला जागा होतास, म्हणून विचारतोय.

रविवारी रात्री मेस बंद असते ना? दोघं घरी या. पिठलं-भाकरी करतो. अभ्यासाचं कुणी काढणार नाही.

तुझा,
सर