फ्लाइंग स्कूलमधील विद्यार्थी वैमानिकांचे प्रशिक्षण नेमके कोठे होते?

सुरुवात वर्गात होते. हवामानशास्त्र, दिशादर्शन आणि हवाई नियम तेथे शिकवले जातात. प्रत्यक्ष उड्डाण मात्र बहुधा कमी वर्दळीच्या लहान विमानतळावरून होते, कारण मोठ्या विमानतळावर प्रवासी विमानांच्या रांगेत थांबण्यातच विद्यार्थ्याचा वेळ आणि इंधन खर्ची पडते.

सर्वाधिक सराव धावपट्टीभोवतीच्या आयताकृती मार्गावर, म्हणजे ‘सर्किट’मध्ये होतो: विमान साधारणपणे जमिनीपासून सुमारे १,००० फूट उंचीवर फिरवून पुन्हा उतरवायचे आणि चाके टेकताच, न थांबता, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) आत घेऊन इंजिनाला पूर्ण शक्ती देत उडवायचे. हे कंटाळवाणे वाटते. उतरण्यातील सफाई मात्र येथेच येते. पंखांची उचल मुद्दाम घालवून विमान सावरण्याचा, म्हणजे ‘स्टॉल’चा सराव विमानतळापासून दूर, नेमून दिलेल्या हवाई क्षेत्रात करतात, कारण सावरताना काही शे फूट उंची सहज जाते. पुढे अन्य विमानतळांपर्यंतची लांब उड्डाणे येतात. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा बराचसा सराव सिम्युलेटरमध्ये होतो.

म्हणून प्रवेशापूर्वी सराव क्षेत्र किती दूर आहे, हे अवश्य विचारावे. तेथे जाण्या-येण्याच्या वेळेचेही शुल्क सहसा द्यावे लागते.