रोलर फिरवला की गायतोंडे होत नाही

तुमचा प्रश्न असा, की अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंची शैली दशकागणिक कशी बदलली आणि तसा पोत रोलरने कसा आणायचा. १९४८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडले तेव्हा आकृती होत्या, लघुचित्रांची छाप होती. पुढे युरोपीय चित्रकार पॉल क्लेच्या प्रभावाखाली आकृती रेषेत विरघळली. साठच्या दशकात रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावायची सुरी) आले, १९६४ ला न्यूयॉर्कला जाणं झालं आणि त्या दशकाच्या शेवटी आडवा कॅनव्हास उभा झाला. १९८४ च्या अपघातानंतर कागदावर शाईची छोटी चित्रं, मग पुन्हा कॅनव्हास.

पण पुण्यात प्रदर्शनाला गेलं की कुणीतरी म्हणतंच, ‘रोलर फिरवला की झालं.’ साफ चूक. रोलर रंग पसरवतो, चित्र घडतं ते रंग उचलण्यात.

२४ × ३६ इंची प्राइम केलेला (अस्तर लावलेला) कॅनव्हास घ्या. पहिला थर रॉ अंबर या मातकट तपकिरी तैलरंगाचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो, पावसाळ्यात आठवडा धरा. त्यावर ट्यूबमधल्या रंगात जवसाच्या तेलाचे चार-पाचच थेंब घालून रबरी रोलर एकाच दिशेने फिरवा. दहा मिनिटांनी न्यूजप्रिंटचा (वर्तमानपत्राच्या कागदाचा) तुकडा ठेवून तळव्याने दाबा आणि कोपऱ्यातून सावकाश उचला. तुकडा हाताने फाडलेला हवा, कात्रीची सरळ कड उमटते. कोराच घ्या, छापील कागदाची शाई रंगात उतरते.

बिघडतं ते बहुतेक घाईने. खालचा थर ओला असला की रोलर तोच उचलतो आणि सगळा चिखल होतो. तेल जास्त पडलं तर कागद घसरतो, फार वेळ ठेवला तर तंतू चिकटून बसतात. आणि वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी पडलं, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हलत राहतो, मग तडे जातात.

‘ध्यानातून उतरलेली चित्रं’ हे वाक्य मला पटत नाही. झेनमध्ये त्यांना रस होता, मान्य. पण एक थर वाळेपर्यंत दुसऱ्याला हात न लावणं ही कारागिरी आहे, आणि ती शिकता येते.

वरची मापं सरावासाठी आहेत, त्यांचं स्वतःचं मिश्रण म्हणून धरू नका. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा.