ह्यूस्टनहून आई-बाबांना सॅन अँटोनियोची स्पॅनिश मिशनं दाखवायची आहेत. एका दिवसात होतील का, की नुसतं आलामो पुरे?

एका दिवसात होतात, पण नुसतं आलामो बघून परतू नका. इथल्या पाच मिशनांतलं ते सर्वांत जुनं, १७१८ सालचं. पण तिथे बोलबाला टेक्सास मेक्सिकोपासून फुटताना झालेल्या १८३६ च्या लढाईचा. मिशन म्हणजे चर्च, शेती, कोठार, वस्ती असं तटबंदीतलं अख्खं गाव असायचं, हे कळतं दक्षिणेकडच्या चार ठिकाणी. तिथे प्रवेश फुकट आहे.

आम्ही उत्तरेकडून निघालो आणि दक्षिण टोकाच्या शेवटच्या मिशनला, एस्पादाला, पोचेपर्यंत आई उन्हाने पार थकली. म्हणून तुम्ही उलटे या. सकाळी आधी एस्पादा. तिथून जवळच एक दगडी जलसेतू आहे. १७४० च्या दशकात बांधलेला, ओढ्यावरून दोन कमानींवर पाणी पलीकडे नेतो आणि अजून वाहता आहे. माझे बाबा निफाडकडचे. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "अरे, हा तर आपला पाट!" मग चर्चपेक्षा जास्त वेळ आम्ही तिथेच होतो.

सॅन हुआन वाटेत अर्ध्या तासात होतं. सॅन होसेला मात्र दोन तास ठेवा. तटाच्या भिंतीतच ओळीने खोल्या आहेत, त्यांत कोआविल्टेकन, म्हणजे इथले मूळ रहिवासी, राहायचे. अपाची या दुसऱ्या मूळ जमातीचे हल्ले आणि उपासमार यांना कंटाळून ते आले. अन्न आणि आसरा मिळाला, पण त्यासाठी स्वतःची भाषा आणि देव सोडावे लागले, आणि देवी-गोवराच्या साथींत कितीतरी गेले. आई-बाबांना इथल्या चर्चची प्रसिद्ध नक्षीदार खिडकी दाखवाल तेव्हा या खोल्याही दाखवा. चर्चच्या दर्शनी भिंतीवर जुनी रंगीत नक्षी एका तुकड्यापुरती पुन्हा रंगवलेली आहे. तेवढी बघितली की सगळी भिंत तशी असताना काय दिसत असेल, याचा अंदाज येतो.

कॉन्सेप्सिओनला चर्चलगतच्या खोलीत मान वर करा: छतावर मिशीवाला सूर्य आहे, अठराव्या शतकातलाच रंग.

वसईच्या किल्ल्यातलं फ्रान्सिस्कनांचं पडकं चर्च आई-बाबांनी पाहिलं असेल, तर त्यांना सांगा की इथलेही पाद्री त्याच पंथाचे. फरक एवढाच की या चारही चर्चमध्ये अजून प्रार्थना होते. रविवारी गेलात तर मिस्सा चालू असताना फोटो काढू नका.

जुलै-ऑगस्ट टाळा. आलामो संध्याकाळकडे ठेवा, चर्चच्या आत जायचं तर वेळ आधी ऑनलाइन घेऊन ठेवा.