पाणवठा : वाचकांचे प्रश्न – पाखरांच्या निघण्याचे दिवस

या खेपेला आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच विचारणा आहे : थंडी सरत आली, आता तळ्यावर जाऊन काय दिसणार? मला विचाराल तर माघ-फाल्गुनातलं तळं ऐन थंडीतल्या तळ्यापेक्षा जास्त ओढून नेतं. मी माजलगावला राहते. धरणाचं पाणी घरापासून सायकलच्या टप्प्यात आहे. ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता सकाळ पाण्याच्या काठी जाते. जे डोळ्यांनी पाहिलंय त्याच्या आधारानेच उत्तरं देते.

“ताई, आमच्या गावच्या साठवण तलावावर येळवशीपासून (मार्गशीर्ष अमावस्येपासून) काळ्या पाखरांचे थवेच्या थवे आहेत, कपाळ पांढरं असलेली. त्यांच्यात तांबूस रंगाची एक मोठी जोडी दिसते. ही पाखरं कधी जाणार? परीक्षा झाली की निवांत बघायची आहेत.” – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, औसा तालुका

परीक्षेची वाट बघू नकोस गं, या रविवारीच जा. थंडी शिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत जाते आणि तिच्या मागोमाग पाखरांची हालचाल सुरू होते. होळीपर्यंत निम्मं तळं मोकळं दिसायला लागतं. पाडव्यानंतर जाशील तर टिबुकल्या, बगळे, हळदीकुंकू बदकं अशी घरचीच मंडळी भेटतील.

काळी पाखरं म्हणजे वारकरी. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा. हे नाव ज्याने ठेवलं त्याने पाखरू नीट पाहिलं होतं. आपल्याकडे थोडे वारकरी बारमाही राहतात, पण हिवाळ्यातली मोठी गर्दी उत्तरेकडून आलेल्यांची असते.

तांबूस जोडी चक्रवाकाची. डोकं फिकट, अंग विटकरी-केशरी. उडाला की पंखाचा पांढरा पट्टा झळकतो. मार्चमध्ये नराच्या गळ्याभोवती काळी बारीक रेघ दिसू लागते, ती मुद्दाम बघ. लडाख-तिबेटच्या उंच पठारावर जायचं असतं त्याला. तिथे जमिनीतल्या नाहीतर कड्यातल्या बिळात तो घरटं करतो. जुन्या कवितेत चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारते. मी अंधार पडल्यावर काठावर बसून त्या हाका ऐकल्या आहेत. चरायला दोघं रात्री लांब लांब जातात आणि अधूनमधून एकमेकांना आवाज देत राहतात. कवींचे कान तिखट होते. विरह मात्र नाही, सकाळी जोडी पुन्हा एकाच उंचवट्यावर उभी असते.

“आम्ही मित्र मागच्या महिन्यात नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या) बॅकवॉटरला होडी करून गेलो. थवा बसला की होडी पुढे घ्यायची, उडाला की शूटिंग करायचं. व्हिडिओ सुंदर आले, पण काठावरचे एक आजोबा आमच्यावर फार रागावले. उडणं हा तर पक्ष्याचा धर्मच आहे, त्यात त्याला त्रास कसला?” – वाचक, छत्रपती संभाजीनगर

आजोबांचं बरोबर होतं. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

या दिवसांत पाखरू पाण्यावर निवांत बसलेलं दिसतं, पण ते शिदोरी बांधत असतं. अंगात चरबी साठली तरच पुढचा प्रवास होतो. पट्टकदंब हंस घ्या. डोक्यामागे दोन काळे पट्टे, वजन दोन ते तीन किलो. हिमालय ओलांडताना हे हंस ७,००० मीटरच्याही वर उडाल्याची नोंद उपग्रहाच्या यंत्रांनी झालेली आहे. ती ताकद तुमच्याआमच्या तळ्याकाठच्या गवतातून आणि हरभऱ्याच्या शेतातून गोळा झालेली असते. भुवई बदक तर पाव-अर्धा किलोचं, आणि ते सैबेरियापर्यंत जातं. दिवस मोठा व्हायला लागला की त्यांची भूक वाढते. नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्यांना दर पाच मिनिटांनी उठवलंत. एकदा उडालं की जमवलेलं थोडं खर्चलं, आणि पुन्हा बसून धीर येईपर्यंतचा चरायचा वेळही गेला. दिवसात अशा चार होड्या आल्या तर हिशेब तुम्हीच करा.

वारकऱ्याला तर सरळ उडताच येत नाही. पंख मारत, पाण्यावर पाय आपटत लांबवर पळावं लागतं, तेव्हा कुठे तो हवेत चढतो. व्हिडिओत ते छान दिसतं, मलाही दिसायचं. दोन वर्षांपूर्वी शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी एक वारकरी काठाजवळ गोल गोल फिरताना दिसला. कुणीतरी टाकून दिलेल्या तंगूसच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याच्या, जाळ्यात त्याचा पाय आणि एक पंख अडकला होता. ओळखीचे एक भोई दादा थर्मोकोलच्या तराफ्यावरून जाऊन त्याला घेऊन आले. मी ओढणीत धरला आणि दादांनी ब्लेडने एकेक धागा कापला. इतक्या जवळून तो पहिल्यांदाच पाहिला. डोळा लालबुंद, पाय हिरवट, आणि बोटांना दोन्ही बाजूंनी पानासारख्या झालरी. एका झालरीत तंगूस इतका रुतला होता की कातडी फाटून पांढरी पडली होती. माझ्या तळहाताला त्याचं काळीज लागत होतं. ठोके मोजता येत नव्हते, नुसती थरथर. छातीचं हाड धारेसारखं वर आलेलं. किती दिवस उपाशी होता कोण जाणे. सोडल्यावर तो पाण्यावर पळाला, पण उडू शकला नाही. बोरूच्या गवतात शिरला. त्यानंतर पाण्यावर पळणारा वारकरी पाहिला की मला ते छातीचं हाड आठवतं.

आणखी एक. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्यातल्या प्राण्यापक्ष्याला छेडायला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने मनाई आहे. ड्रोनचा विचार मनात असेल तर तोही काढून टाका.

मग पाहायचं कसं? काठावर एका जागी बसा. सकाळी पूर्वेच्या काठावर, म्हणजे ऊन पाठीशी राहतं आणि रंग खरे दिसतात. कपडे मातकट. पहिला अर्धा तास काहीच होणार नाही. नंतर पाखरं तुम्हाला विसरतात आणि चरत चरत स्वतःच जवळ येतात. थापट्या बदकं फावड्यासारखी चोच पाण्यावर टेकवून गोल फिरत गाळण करताना मी पंधरा पावलांवरून पाहिली आहेत, ती अशीच बसून. पाखरांनी चरणं थांबवून माना ताठ केल्या तर समजायचं, आपण जास्त पुढे आलो. तिथूनच मागे फिरायचं.

“धरणात आमची जमीन गेली. पाणी उतरलं की आम्ही गाळपेर करतो, यंदा टरबूज आणि काकडी लावणार आहोत. पाण्यात मधेच उघडं पडलेलं एक बेट आहे, तिथे पांढरी पाखरं डोक्यावर येऊन ओरडतात, टोचायला धावतात. ही कोणती? आणि आम्ही काय करावं?” – शेतकरी वाचक, पैठण तालुका

दादा, पत्र लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याने गाळात चार महिने पीक काढू नये, असं मी कधीच म्हणणार नाही.

काळी टोपी, पिवळी चोच, दुभंगलेली शेपटी असेल तर ती नदी सुरय. ही कुठेच परदेशी जात नाही, आपल्याच नद्या-धरणांवर राहते. बाकीची पाखरं निघायच्या तयारीत असतात तेव्हा हिची वीण सुरू होते, फेब्रुवारीपासून पार मेपर्यंत. घरटं म्हणजे उघड्या वाळूत नाहीतर सुकल्या गाळात केलेला उथळ खळगा. त्यात दोन-तीन मातकट अंडी, तपकिरी ठिपक्यांची. गुरांच्या खुराच्या ठशाशेजारी अशी अंडी मी पाहिली आहेत. पाऊल टाकण्याआधी दिसली, हे नशीब. ढेकूळ कोणतं आणि अंडं कोणतं ते पटकन कळत नाही.

जायकवाडीचं पाणी पसरट आणि उथळ आहे, बशीसारखं. पाणी थोडं उतरलं तरी फार मोठी जमीन उघडी पडते. त्यामुळे शेकाटे, चिखले, तुतवार यांना पायापुरता चिखल मिळतो आणि काही वर्षी रोहितही (फ्लेमिंगो) उतरतात. पण पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं. मग कुत्री पोहोचतात आणि ट्रॅक्टरही पोहोचतो. सुरयेची वीण तिथेच वाया जाते.

म्हणून एवढं करा. टरबूज काठाच्या पट्ट्यात लावा, ते बेट मेअखेरपर्यंत मोडू नका. पाखरं डोक्यावर आली की तिथूनच मागे वळा, कारण आई-बाप उन्हात उडालेले राहिले तर अंडी भाजून निघतात. आणि वस्तीवरच्या कुत्र्यांना तिकडची वाट लागू देऊ नका. पिल्लं उडाली की बेट तुमचंच आहे.

“भोरड्यांनी ज्वारीचं कणीस न् कणीस पोखरलं. मास्तर म्हणतात ही पाखरं उपयोगाची. कशी?” – वाचक, परभणी जिल्हा

नुकसान खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा उतरला की तासाभरात फड हलका होतो. मचाण, गोफण, डबा वाजवणं, हेच उपाय. विषाचे दाणे टाकू नका. त्याने मोर, तितर आणि तुमची कोंबडीही मरेल. मास्तरांचं म्हणणं असं की भोरडी शिवारातले नाकतोडे आणि अळ्याही खाते. मध्य आशियात तिची पिल्लं टोळ आणि नाकतोड्यांवरच वाढतात. एप्रिलात ती तिकडे जाते. त्याआधी पळस फुलला की सकाळी झाडाखाली उभे राहा. गुलाबी अंगाच्या, काळ्या तुऱ्याच्या भोरड्या फुलात तोंड खुपसून मध पितात आणि वर येतात तेव्हा कपाळाला पराग लागलेला असतो.

“मी आठवीत आहे. थवा मोजायचा कसा? आणि दुर्बीण कोणती घेऊ?” – विद्यार्थी, कंधार

आधी डोळ्यांनी मोज. दहा पाखरं नीट मोज आणि ती किती जागा व्यापतात ते डोळ्यांत साठव. मग तेवढी जागा पूर्ण थव्यात किती वेळा बसते ते बघ. मोठा थवा असेल तर शंभराचा तुकडा धर. आशियातली पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. मोजणारी माणसं थव्यांचा अंदाज अशाच रीतीने काढतात. पुढच्या जानेवारीत तूही मोजायला जा. दुर्बीण घेशील तेव्हा ८ × ४२ घे. आठपट मोठं दिसतं, हात कमी हलतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडातही चालते. तोवर शाळेची असेल तर मागून घे.

तुमच्या गावाला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा जगत्तुंग समुद्र आहे, आणि तो तुझ्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ असेल. रोज संध्याकाळी एकाच दगडावर बस आणि वहीत तीनच गोष्टी लिही : तारीख, वारकरी किती, चक्रवाक किती. एक दिवस चक्रवाकासमोर शून्य येईल. पुढचे आठ दिवसही शून्यच आलं तर शेवटचा चक्रवाक दिसला ती तारीख मला कळव. माजलगावची माझ्याकडे आहे, दोन्ही शेजारी ठेवून बघू.