चूर्णाबद्दल विचारणारी मुलगी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स, पीसीबी. दोनदा नीट दिली, सीट मिळाली नाही. तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. मेथी, जांभूळबी यांतले घटक साखर खरंच उतरवतात का आणि ते सुरक्षित आहेत का, हे तपासायचं म्हणते. झाडपाल्याची कसली आलीय तपासणी? मी मधुमेहाच्या गोळीसोबत जांभूळबियांचं चूर्ण घेतो, तर ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका’ म्हणून मलाच उलट बोलते. तिला समजवा. – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. समजवायचंच तर मला तुम्हाला समजवावं लागेल. तुमची मुलगी उलट बोललेली नाही, बरोबर बोलली आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. त्यावर साखर उतरवणारं आणखी काही पोटात गेलं, तर साखर नको तितकी खाली येऊ शकते : घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. मुलीला बापाची काळजी वाटली आणि त्यावरून तिला बोलणी खावी लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

‘झाडपाला, म्हणजे निर्धोक’ हा समज आधी काढून टाका. गुंजेची बीही झाडाचीच. ती चावून खाल्ली तर त्यातल्या अॅब्रिन नावाच्या विषाने जीव जाऊ शकतो. तुमच्या गोळ्यांत बहुधा मेटफॉर्मिन असेल. त्याचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीत आहे. तिच्यातल्या ग्वानिडीन वर्गातल्या घटकांनी साखर उतरायची, पण ग्वानिडीन स्वतः विषारी. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये बनलं. फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना देऊन निष्कर्ष छापले १९५७ मध्ये. साखर उतरवणारे पदार्थ पुष्कळ सापडतात. यकृत आणि मूत्रपिंडाला धक्का न लावता उतरवणारे थोडे. तपासणी म्हणतात ती हीच : बियांचा अर्क काढायचा, त्यात नेमकं काय किती आहे ते मोजायचं, उंदरांना वजनाप्रमाणे मात्रा द्यायची, शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायची, शेवटी यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. माणसांवरची चाचणी त्याच्याही पुढे. हे काम प्राण्यांवर होतं, शेवटी त्यांचा जीव घ्यावा लागतो. ते आपल्याला झेपेल का, हे मुलीने आत्ताच स्वतःला विचारावं.

रस्ता माहितीतला आहे : एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून बी. फार्म. (औषधशास्त्राची पदवी), मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं याचा अभ्यास) किंवा फार्माकॉग्नोसीत (वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांचा अभ्यास) एम. फार्म. संशोधनच करायचं तर पुढे पीएच. डी. धरून चाला. सुरुवातीची वर्षं पैसा बेताचाच असतो, तेवढी तयारी ठेवा.

दोनदा अपयश पचवूनही ती स्वतःहून काहीतरी मागते आहे. तिसऱ्या नीटचा फॉर्म तिच्या होकाराशिवाय भरू नका. आणि या आठवड्यात चूर्णाची डबी आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. तिलाही सोबत न्या. प्रश्न तिला विचारू द्या.