वाचकांचे प्रश्न : वाऱ्याला आपली रजा ठाऊक नसते

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका असून माझे वय 31 वर्षे आहे. चार वर्षांपूर्वी पाहुण्यांना घेऊन हरमलला गेले असता पॅराग्लायडिंगचे टँडम, म्हणजे पायलटसोबत जोडीने करायचे, उड्डाण केले आणि तेव्हापासून स्वतः ग्लायडर चालवायला शिकायचे, असे मनाने घेतले. लोणावळ्याजवळच्या कामशेतला जाऊन पी-वन हा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केला. पुढच्या वर्षी पी-टू या त्यापुढच्या अभ्यासक्रमासाठी गेले, तेव्हा तिसऱ्या दिवशी उतरताना वारा फिरून पाठीमागून आला, मी आदळले आणि उजव्या घोट्याचे हाड मोडले. वर्ष त्यातच गेले. यंदा एप्रिलमध्ये सहा दिवसांची रजा काढून हिमाचलातील बीर-बिलिंग गाठले. चार दिवस पाऊस-वाऱ्यात वाया गेले आणि उरलेल्या दोन दिवसांत तेथील प्रशिक्षकांनी सराव अपुरा असल्याचे सांगून मला वरून सोडलेच नाही. झालेल्या खर्चाचा हिशेब आता बाबांना तोंडपाठ आहे. आई काही बोलत नाही, पण विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. मी थांबावे का? थांबायचे नसेल, तर पुढचा प्रवास कसा आखावा?

उत्तर : थांबू नये, परंतु बीरला पुन्हा जाण्याची घाईही करू नये. आपण तीन अपयशे एका ओळीत मांडली आहेत. त्यांतील तिसरे मी अपयशांत धरतच नाही. ज्या प्रशिक्षकांनी पैसे मिळत असतानाही आपल्याला परत पाठवले, त्यांच्याकडेच पुढे शिकायला जावे, इतके त्यांचे वागणे योग्य होते. बिलिंगचे उड्डाणस्थळ समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटर उंचीवर आहे आणि खाली बीरला उतरेपर्यंत जवळजवळ 900 मीटर उंची उतरावी लागते. धौलाधार पर्वतरांगेच्या उतारांवर दुपारी उठणारे थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर चढणारे स्तंभ, वसंतात विशेष जोरकस असतात. कामशेतच्या बुटक्या टेकड्यांवर मोजकी उड्डाणे केलेल्या व्यक्तीला एप्रिलमधील ती हवा झेपणारी नव्हती.

घोट्याच्या अपघाताकडे मात्र बारकाईने पाहायला हवे. शिकाऊ ग्लायडर हवेतून साधारणपणे ताशी 35 किलोमीटर वेगाने पुढे सरकतो. समोरून ताशी 10 किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने आपला वेग 25 राहतो. तोच वारा पाठीमागून आला की वेग 45 होतो. पाय त्याच व्यक्तीचे, ग्लायडर तोच, तरी धावत उतरणे एका वेळी जमते आणि दुसऱ्या वेळी हाड मोडते, ते या 20 किलोमीटरच्या फरकामुळे. आपण "वारा फिरला" असे लिहिले आहे. तो फिरताना वाऱ्याची दिशा दाखवणारा मैदानावरचा कापडी विंडसॉक, वाळके गवत किंवा लांबच्या चुलीचा धूर यांपैकी काही आपल्या नजरेत होते का, हे आठवून पाहावे. नसेल, तर ती सवय लागेपर्यंत उंच डोंगराचा विचार बाजूला ठेवावा.

ही सवय पुष्कळशी जमिनीवरच लागते आणि त्यासाठी गोव्याबाहेर जाण्याची गरज नाही. ग्राउंड हँडलिंग, म्हणजे पाय जमिनीवर ठेवूनच ग्लायडर डोक्यावर उभा करून तोलणे, हा भाग नवशिके कंटाळून टाळतात. एकदा कोणा अनुभवी पायलटकडून पद्धत पक्की करून घ्यावी; मग भाताची कापणी झाली की मालकाची परवानगी काढून, विजेच्या तारा नसलेल्या मोकळ्या शेतात आपल्या तालुक्यातच सराव करता येईल. सकाळी आपल्याकडे वारा जमिनीकडून मंद वाहतो आणि समुद्राचा वारा दुपारकडे जम धरतो, तेव्हा वेळ तिसऱ्या प्रहरानंतरची ठेवावी. हेल्मेट घालावे, सोबत कोणीतरी असावे आणि वाऱ्याचे झोत अंगावर येऊ लागले की घडी घालून घरी जावे, कारण फुगलेला ग्लायडर माणसाला सहज फरफटत नेतो. हाडाच्या डॉक्टरांना "मी बरी आहे का?" असे विचारू नये, हार्नेस (पायलटला ग्लायडरशी जोडणारी पट्ट्यांची बैठक) आणि ग्लायडरच्या ओझ्यासह धावत उतरण्याचा भार घोटा पेलेल का, असे नेमके विचारावे. त्या पायावर एकट्याने टाचा उचलणे आणि पायरीवरून उडी मारणे वेदनेविना जमत नसेल, तर फिजिओथेरपी अजून संपलेली नाही.

आता प्रवासाकडे वळू. बीरला सहा दिवसांची रजा ही मला आपल्या योजनेतील सर्वांत मोठी चूक वाटते. वाऱ्याला आपली रजा ठाऊक नसते. मी स्वतः दोनदा बीरहून एकही उड्डाण न करता परतले आहे. दुसऱ्या खेपेस बैजनाथच्या देवळातील पुजारी मला ओळखू लागले होते, इतके दिवस ढग हटण्याची वाट पाहण्यात गेले. त्याहून वाईट म्हणजे परतीच्या आदल्या दिवशी मन तडजोड शोधू लागते आणि एरवी आपण ज्या वाऱ्यात ग्लायडर पिशवीतून काढला नसता, तो वारा चालण्यासारखा वाटू लागतो. म्हणून शेवटचा दिवस उड्डाणाच्या हिशेबात धरूच नये आणि जितके दिवस उडायचे असेल, त्याच्या दुप्पट दिवस हाताशी ठेवावेत.

आपला व्यवसाय येथे सोयीचा आहे. दिवाळीच्या सुटीत कामशेतचा हंगाम सुरू झालेला असतो आणि तो मेपर्यंत चालतो, तेव्हा येती दिवाळी आणि जमल्यास नाताळची सुटी दोन्ही कामशेतला द्याव्यात. वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने पुणे आणि तेथून लोणावळा लोकलने कामशेत, असा प्रवास खिशाला फारसा जड जात नाही. पी-टू पुरे करून वेगवेगळ्या वाऱ्यांत पुरेशी उड्डाणे झाली, की त्यापुढच्या दिवाळीत बीर. शरदातील तेथील हवा वसंतापेक्षा सौम्य असते. मडगावहून चंदीगडपर्यंत गोवा संपर्क क्रांती आहे, पुढे बस. हिमाचलात 15 जुलै ते 15 सप्टेंबर पॅराग्लायडिंग बंद असते, हेही लक्षात असू द्यावे.

बाबांच्या हिशेबाला हिशेबानेच उत्तर द्यावे. दोन वर्षांचा खर्च आणि मुक्कामाचे दिवस कागदावर मांडावेत आणि त्यात विम्याची एक ओळ असावी. अनेक अपघात विमा पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात, ते हप्ता भरण्यापूर्वी वाचून घ्यावे. आईला कागद दाखवून उपयोग होईल, असे मला वाटत नाही. त्यांना एका संध्याकाळी शेतातील सरावाला सोबत न्यावे.

प्रश्न : मी मांद्रेचा रहिवासी आहे. केरीचा सडा, म्हणजे समुद्राकाठचे पठार, घरापासून जवळ असताना पॅराग्लायडिंग शिकण्यासाठी कामशेतला खर्च करून जायचे कशाला?

उत्तर : आपल्या किनाऱ्यावरील उड्डाण समुद्राच्या वाऱ्यावर चालते. हा वारा सड्याच्या कड्याला धडकून वर वळतो आणि त्या चिंचोळ्या पट्ट्यात ग्लायडर तरंगत राहतो. वारा सरळ आणि एकसारखा असेल तोवर हे सोपे दिसते. तो थोडा तिरका झाला किंवा पडला, तर खाली खडक किंवा पाणी असते. वाढला तर ग्लायडर मागे सड्यावर ढकलला जातो आणि तेथील हवा घुसळलेली असते. नवशिक्याला चूक करायला मोकळा, मऊ उतार लागतो. तो कामशेतला मिळतो, येथे नाही. जानेवारी 2025 मध्ये केरीच्या सड्यावरील टँडम उड्डाणात पर्यटक तरुणी आणि पायलट असे दोघेही दगावले, हे आपल्या भागातील असल्याने आपल्याला ठाऊक असेलच. टँडमचा अनुभव घेतानाही पायलटचा परवाना आणि राखीव पॅराशूट आहे का, हे विचारायला संकोच करू नये. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्यासोबत उडू नये.

शिकून आल्यावर स्वतःचा ग्लायडर घेतलात आणि किनाऱ्यावर उडू लागलात, तर वाळू व खारट दमट हवा यांपासून त्याला जपावे लागेल. वाळूने कापड आणि दोऱ्या झिजतात. ओलसर घडी घातलेला ग्लायडर पावसाळाभर कपाटात राहिला, तर चवथीपर्यंत त्यावर बुरशी धरते. म्हणून मे संपण्याआधी तो सावलीत पूर्ण वाळवून, सैल घडी करून घरातील सर्वांत कोरड्या जागी ठेवावा.